चौदा नंबरचा दगड

कुठेही उभे राहिले की ते आधी उजव्या बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटायचे. ऑफिसातलं कार्पेट असो, लिफ्ट असो, नाहीतर कुणाच्या घरचा हॉल. मग मान जराशी तिरकी करून जमिनीचं उत्तर ऐकायचे आणि तेव्हा कुठे "हं, बोला," म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ रागावलेत. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की आपण पक्क्या जागी उभे आहोत ना, एवढंच ते बघताहेत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिंपी बोलताना आपल्या खांद्याच्या शिवणीकडे बघतो, दातांचा डॉक्टर आपण कधी हसतो याची वाट बघतो. हे सर्व्हेअर होते. कराडकडचे, साठीला टेकलेले, सव्वीस वर्षं आखातात काढलेले. रास अल खैमातल्या ज्या कन्सल्टंटच्या ऑफिसात मी जुनी-नवी ड्रॉइंग सांभाळते, तिथेच त्यांचं टेबल होतं. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. आम्ही मराठी मंडळी त्यांना काका म्हणायचो. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण मला ते कायम मॅडमच म्हणाले.

टेबल होतं असं म्हटलं खरं, पण त्या टेबलाशी बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. चहा उभ्याने, डबा उभ्याने, मीटिंगमध्ये दाराला टेकून. घरी गणपतीला बोलावलं तर आरती चालू असताना त्यांची नजर चौरंगावर. शेवटी "मॅडम, रागावू नका," म्हणत खिशातून सपाटी बघायची करंगळीएवढी बुडबुड्याची पट्टी काढली, चौरंगावर ठेवली आणि एका पायाखाली कागदाची घडी सरकवली. "आता बसले देव नीट." माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, ही इज सो फनी." ते मात्र गंभीर होते. प्रसाद हातात घेऊन दोन मिनिटांत गेलेसुद्धा.

"क्लोज झालं का?" हा त्यांचा दिवसातून दहा वेळा विचारायचा प्रश्न. मुलीची परीक्षा संपली तरी क्लोज झालं का, नवऱ्याचं सिरॅमिक फॅक्टरीतलं प्रमोशन अडकलं तरी क्लोज झालं का. ही त्यांच्या धंद्यातली भाषा. एखाद्या जागेची उंची काढायची तर एका पक्क्या सरकारी खुणेपासून मोजत निघायचं, त्या जागेपर्यंत जायचं आणि पुन्हा मोजत मोजत पहिल्या खुणेपाशी परत यायचं. निघतानाचा आकडा आणि परतल्यावरचा आकडा जुळला की काम क्लोज झालं. चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतात. त्याहून जास्त आले तर सगळं पुन्हा.

आणि ते पुन्हा करायचे. एकदा एका सबमिशनमध्ये एकच लेव्हल, म्हणजे एका जागेची उंची, राहिली होती. आमचा इजिप्शियन मॅनेजर म्हणाला, "हबीबी, आजूबाजूचे बघून टाक काहीतरी. खलास." काकांनी टाच आपटली, जीपची किल्ली घेतली आणि भर ऑगस्टच्या दुपारी चाळीस किलोमीटर जाऊन तो एक आकडा घेऊन आले. शर्ट मिठाने पांढरा पडला होता. मी म्हटलं, "काका, कशासाठी एवढं?" तर म्हणाले, "मॅडम, न मोजलेला आकडा मी आजपर्यंत लिहिला न्हाई. एकदा लिहिला की सवय लागती."

रविवारी मात्र ते गायब असायचे. सोमवारी येताना बुटांवर डोंगराची राखाडी धूळ, पोटऱ्यांवर काटे ओरबाडल्याच्या रेघा. विचारलं तर, "जरा फिरून आलो." दर रविवारी, दोन-अडीच वर्षं. ऑफिसात कुजबुज चालायची. कुणी म्हणे, काकांनी डोंगरात शेळ्या पाळल्यात. कुणी म्हणे, दुसरं घर केलंय. त्यांची बायको कराडला. वर्षातून एकदा महिन्याची रजा घेऊन ते तिकडे जायचे आणि वीस दिवसांत परत यायचे, त्यामुळे दुसऱ्या घराची गोष्ट लोकांना पटायची. मलाही थोडी पटली होती, खोटं कशाला सांगू.

मग त्यांना कंपनीचं पत्र आलं. साठी झाली, व्हिसा पुढे वाढणार नाही, एप्रिलअखेर शेवटचा दिवस. त्या दिवशी ते माझ्या ड्रॉइंगच्या खोलीत आले आणि कधी नव्हे ते खुर्चीवर बसले. टाचही आपटली नाही. मला भीतीच वाटली.

"मॅडम, एक जुनं ड्रॉइंग मिळंल का? वीस-एक वर्षांपूर्वीचं. वादीतनं रस्ता जायचा होता, तो कॅन्सल झाला. मग तो दुसऱ्या बाजूनं गेला."

वादी म्हणजे इथल्या डोंगरांतली कोरडी नदी. वर्षभर नुसते दगड, आणि एखाद्या पावसात अचानक लोंढा. असे कॅन्सल झालेले रस्ते माझ्या कपाटात ढिगाने आहेत. मी विचारलं, "कशाला हवंय, काका? तो रस्ता तर झालाच नाही."

त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. घड्या पडून पडून चार तुकडे व्हायच्या बेतात आलेलं. उम्म अल कुवैनच्या बेटावर जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडल्याची बातमी, आणि सोबत अशाच कुठल्यातरी ठिकाणच्या एका झिजलेल्या क्रॉसचा फोटो. टोकांना रुंद होत जाणाऱ्या चार भुजा.

"असा दगड मी बघितलाय," ते म्हणाले. "त्या वादीत. कमरेएवढा, उभा. त्यावर हेच कोरलेलं. तेव्हा मला कुठं काय कळत होतं? मला टीबीएम पायजे होता."

टीबीएम म्हणजे कामापुरती धरलेली उंचीची खूण. सर्व्हेअर त्यासाठी न हलणारी वस्तू शोधतो, मोरीचा कठडा, मशिदीची पायरी, जमिनीत रुतलेला खडक. तिथे खिळा मारायचा, लाल ऑइलपेंटने नंबर आणि उंची लिहायची. काकांना वादीत तो दगड दिसला. इतकी वर्षं हलला नाही तो चार महिने काय हलतोय, असं म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर स्टीलचा खिळा ठोकला आणि कोरलेल्या भुजांवरच लाल रंगात लिहिलं, टीबीएम चौदा आणि खाली उंची.

"आपल्याकडं दगडाला शेंदूर फासला की देव होतो," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "मी देवाला ऑइलपेंट फासून बेंचमार्क केला. देव कुणाचा का असंना, त्याच्या डोक्यात खिळा मारला की हो मी. बातमी वाचल्यापासनं झोप लागत न्हाई. जायच्या आधी रंग काढून, खिळा उपसून, माफी मागून येतो. पण दगडच सापडंना."

म्हणजे दोन-अडीच वर्षांचे रविवार त्यांनी यात घालवले होते. त्यांची त्या वेळची वही जुनी कंपनी बंद झाली तेव्हाच गेली होती. अलीकडच्या मोठ्या पावसात वादीचा चेहराच बदलला होता. आठवणीवर ते एकेक फाटा तुडवत होते. दुसऱ्या घराची गोष्ट थोडीशी का होईना मी खरी मानली होती, याची मला फार लाज वाटली.

मला तीन दिवस लागले. स्कॅन केलेल्या रद्दी फाइलींमध्ये ती शीट सापडली. कोपऱ्यात टीबीएमची यादी, चौदा नंबरपुढे जागेचे आकडे. जुन्या पद्धतीचे आकडे नव्यात बदलून मी मोबाइलच्या नकाशावर टिंब टाकलं आणि त्यांना दाखवलं. ते इतका वेळ बघत राहिले की मोबाइलचा दिवा विझला.

"एकदा बघून येऊ?" ते म्हणाले. मग घाईने, "तुम्ही नका येऊ. ऊन फार."

"यल्ला, काका, चला," मी म्हटलं. "आता मला बघायचाय."

मार्चमधल्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. सिमेंट फॅक्टरीची धूळ मागे पडली, खडीच्या खाणीकडे जाणारे ट्रक मागे पडले, डांबरी रस्ता एका मोरीपाशी संपला. पुढे वादी. काका गाडी चालवत होते आणि एका हाताने सारखे मांडीवर ताल धरत होते. मागच्या सीटवर पिशवी, त्यात थिनरचा डबा, तीन टूथब्रश, फडकी, खिळा उपसायची पक्कड, आणि नारळ. 

टिंबापाशी पोचलो तर तिथे काहीच नाही. नुसती साफ केलेली जमीन. आजूबाजूला मी कधी पाहिली नव्हती इतकी रिकामी वादी. मोठे दगड कुणीतरी वेचून नेल्यासारखे. काका गाडीतून उतरले, टाच आपटायची विसरले आणि चालत सुटले. मी मागे. माझं टिंब थोडं चुकलं होतं; पन्नास पावलांवर सिद्राचं झाड होतं, म्हणजे आपली बोरच. त्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून तो उभा होता.

मी तुम्हाला सांगते, बघण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. करडा, कमरेएवढा दगड. वाऱ्या-पावसाने इतका झिजलेला की कोरीवकाम डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळत होतं. तीन भुजा होत्या, चौथी जवळजवळ पुसलेली. त्यांच्यावर फिक्कट गुलाबी डाग, आणि नीट पाहिलं तर एक आणि चार. क्रॉस असेल, कुणाच्या थडग्याची खूण असेल, किंवा आणखी काही. ते ठरवणारे आपण कोण? काका त्याच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी बूट काढून ठेवले होते.

थिनरचं झाकण उघडलं आणि मागून ओरडा आला.

"ला, ला! क्या करता है? हाथ मत लगाओ!"

शेळ्यांमागून एक म्हातारा अरब येत होता. डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात काठी, वय काकांपेक्षा बरंच जास्त. इथले डोंगरातले लोक आपल्याशी जी तुटक हिंदी बोलतात तीत त्याने आम्हाला झापायला सुरुवात केली. "ये बलदिया का पत्थर. नंबर है."

बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. काका हात जोडून म्हणाले, "बाबा, नंबर मैंने लिखा था. गलती हो गया. साफ करेगा."

म्हाताऱ्याने त्यांना नीट निरखून पाहिलं. मग काठीने सगळी वादी दाखवली. "देखो. पहले कितना पत्थर था. खाली दीवार बनाता है, पानी के लिए. मशीन आया, ट्रक आया, सब पत्थर ले गया. ये भी उठाता था. मैं बोला, छोडो, ये मेरा दादा के दादा से पहले का है. ड्रायव्हर सुनता नहीं. फिर उसने नंबर देखा. बोला, बलदिया, हाथ लगाएगा तो मुखालफा." मुखालफा म्हणजे दंड. हा शब्द इथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. "नंबर से बचा. तुम साफ करेगा, वो फिर आएगा, ले जाएगा. दीवार अभी बाकी है."

काकांच्या हातात थिनरचा डबा तसाच होता. त्यांनी तो हळूच झाकण लावून खाली ठेवला; खिळा उपसायची पक्कडही पिशवीतच राहिली. मला वाटलं, आता या माणसाच्या मनावरचं ओझं उतरेल. ज्या रंगाने त्यांची झोप घालवली त्याच रंगाने दगड वाचवला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "व्हय. पण रंग गेलाय, मॅडम. चार महिन्यांत दिसायचा न्हाई."

नारळ त्यांनी फोडला नाही. तसाच दगडाच्या पायाशी ठेवला. म्हातारा म्हणाला, "ये क्या?" काका म्हणाले, "हमारा सलाम." म्हाताऱ्याने मान डोलावली. शेळ्यांनी काय केलं असेल ते असो.

सोमवारी आम्ही फोटो, जागेचे आकडे आणि म्हाताऱ्याचा निरोप असं सगळं जुन्या वास्तूंच्या खात्याला पाठवलं. उत्तर छान आलं. आभार मानले होते, आणि पाहणीला माणसं पाठवू, पण उन्हाळ्यानंतर, असं लिहिलं होतं. उन्हाळ्यानंतर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. भिंतीचं काम त्याआधी पुन्हा सुरू होणार होतं.

"मग काय," मी म्हटलं, "लाल रंग घ्या आणि जुना नंबर पुन्हा लिहून टाका. पाच मिनिटांचं काम."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती.

"जुना आकडा आज कसा लिहू? तो जुन्या खुणेवरनं काढलेला. पुरात दगड एखादा इंच खचला असंल. आज लिहिला म्हणजे मी आज सांगतोय की इथली उंची एवढी. उद्या एखादा सर्व्हेअर येईल, ताजा रंग बघंल, विश्वास ठेवंल आणि त्यावरनं पाइपलाइन टाकंल."

"मग नुसता नंबर लिहा. आकडा नको."

"नुसत्या नंबराला ड्रायव्हर भ्यायचा न्हाई. कुणीबी चुन्यानं नंबर लिहितो. आकडा पायजे, तीन दशांशांचा. ते बघून माणूस बिचकतो."

"मग काय करायचं?"

"मोजायचं," ते म्हणाले, आणि त्या क्षणी मला कळलं की स्टाफ धरायला मलाच जावं लागणार आहे. स्टाफ म्हणजे उंचीचे आकडे छापलेली लांब पट्टी.

एप्रिलचा शेवटचा रविवार. मंगळवारी त्यांचं विमान. पहाटे साडेपाचला आम्ही डांबरी रस्त्याच्या टोकाच्या त्या मोरीपाशी होतो, कारण पक्की सरकारी खूण तिच्या कठड्यावर होती. तिथून दगड नऊशे मीटर. तीन पायांवर दुर्बीण लावायची, मागच्या बाजूला स्टाफ, वाचन, मग पुढच्या बाजूला स्टाफ, वाचन. दुर्बीण उचला, पुढे चला. जाताना चौदा वेळा, येताना चौदा वेळा. मी स्टाफ धरून उभी, काका लांबून ओरडताहेत, "सरळ! मॅडम, सरळ! झोपा लागल्या काय?" आयुष्यात एवढं कुणी ओरडलं नव्हतं मला, नवरासुद्धा.

आठ वाजता मोरीपाशी परत आलो. काकांनी बेरजा-वजाबाक्या केल्या. पुन्हा केल्या. मग वही मांडीवर पालथी ठेवली.

"एकतीस मिलिमीटर."

"म्हणजे तीन सेंटीमीटर? बोटभर तर आहे, काका!"

ते उजवा डोळा चोळत राहिले. मग म्हणाले, "डोळ्यात मोतीबिंदू हाय. ऑफिसात सांगितलं न्हाई. दुर्बिणीतनं आकडे दुहेरी दिसाया लागलेत." हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाटलं, आता उठावं आणि काहीतरी काम काढून लांब जाऊन यावं. सव्वीस वर्षं ज्याच्या डोळ्यावर रस्ते उभे राहिले त्याने हे माझ्यासमोर बोलावं, याचं मला वाईट वाटलं.

"तुम्ही बघाल दुर्बिणीतनं?" ते म्हणाले. "मी स्टाफ धरतो."

साडेआठला दुसरी फेरी सुरू झाली. आता मी वाचत होते, मीच वहीत लिहीत होते. ते लांब उन्हात स्टाफ धरून खांबागत ताठ उभे. साडेनऊ वाजले, साडेदहा झाले. पाणी संपत आलं. परतीच्या वाटेवर जमिनीवरून उन्हाच्या झळा उठायला लागल्या आणि दुर्बिणीत आकडे पाण्यात पडल्यासारखे हलू लागले. मी जमेल तसं वाचत होते. शेवटचं वाचन बाकी राहिलं, मोरीवरच्या खुणेचं. काका स्टाफ घेऊन तिकडे चालत निघाले, आणि तेवढ्यात मी मोबाइलवर हिशेब केला. माझ्या अंदाजाने चौदा-पंधरा मिलिमीटरचा फरक येणार होता.

म्हणजे तिसरी फेरी. अकरा वाजत आले होते. त्यांचा शर्ट पुन्हा पांढरा पडला होता आणि मोरीकडे जाताना ते दोनदा स्टाफला टेकून थांबले, ते मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसलं. तिसरी फेरी त्यांनी केली असती, त्यात मला शंका नव्हती. त्यातून ते मंगळवारी विमानात बसले असते की हॉस्पिटलात असते, ते सांगता येत नाही.

शेवटचं वाचन मी दुर्बिणीतून घेतलं नाही, गणितातून घेतलं. जो आकडा यायला हवा होता तो लिहिला.

"काका!" मी ओरडले. "क्लोज झालं!"

ते धापा टाकत आले. वही घेतली. एकेक ओळ बोटाने खाली उतरत शेवटाला आले. "शून्य," ते म्हणाले. "एक मिलिमीटरबी न्हाई?"

"नाही. बरोबर शून्य," मी अभिमानाने म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मग वही मिटली. "छान वाचता, मॅडम. तुम्ही सावलीत बसा. मी गाडी घेऊन जातो आणि लिहून येतो." वीस मिनिटांत ते परत आले तेव्हा बोटांना लाल रंग होता. परतताना गाडी चालवत होते, पण मांडीवर ताल धरत नव्हते. मी मनात म्हटलं, चला, एकदाची या माणसाची घालमेल संपली. खोटं सांगून का होईना, मी ती संपवली.

मंगळवारी ते गेले. विमानतळावर नवऱ्याने सोडलं, मुलगी "बाय, काका" म्हणाली. कराडहून अधूनमधून फोन येतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं, बायकोने गच्चीवर कुंड्या ठेवल्यात, तिच्याशी कुंड्यांच्या रांगेवरून भांडण झालं. दगडाबद्दल ते विचारत नाहीत. मीही बोलत नाही. त्यांची बेचैनी त्यांनी नेली असेल असं वाटलं होतं, पण तिचा एक तुकडा माझ्याकडे राहिला. त्या आकड्यावरून कुणी पाइपलाइन टाकली तर? रात्री कूस बदलताना मला तो आकडा आठवायचा.

सप्टेंबरात ऑफिसात नवा सर्व्हेअर आला, केरळचा, चुणचुणीत. एकदा सहज म्हणून मी त्याला विचारलं, बरोबर शून्यावर कधी क्लोज होतं का? तो हसला. "नेव्हर, मॅडम. झिरो आला की आम्ही समजतो, याने रीडिंग घरी बसून लिहिलं." मी पुढचं काही ऐकलं नाही. म्हणजे काकांना त्या क्षणीच कळलं होतं. वही मिटण्याआधीच. आणि तरीही ते जाऊन लिहून आले. माझ्यासाठी त्यांनी आयुष्यातला पहिला खोटा आकडा लिहिला, हे मला सहन होईना.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी एकटीच गाडी काढून गेले. बरोबर लाल रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेतला, रंग उडाला असेल तर म्हणून. खात्याची माणसं अजून यायची होती, फोनवर त्यांनी डिसेंबर सांगितला होता. खाली भिंत पुरी झाली होती. वादी आणखी रिकामी झाली होती. सिद्राच्या झाडाखाली तो तसाच उभा होता.

नंबर आता कोरलेल्या भुजांवर नव्हता. त्यांनी तो शेजारी, दगडाच्या कोऱ्या बाजूवर लिहिला होता. टीबीएम चौदा. खाली उंची, पण तीन दशांश नव्हते. एकशे शहाऐंशी पूर्णांक नऊ. एवढंच. पुढचे दोन आकडे त्यांनी लिहिलेच नव्हते. त्यांची फेरी चुकलेली असो की माझी, पूर्णांक नऊपर्यंत दोन्ही खरंच होतं. ड्रायव्हर बिचकेल एवढा तो आकडा होता, आणि कुठलाही सर्व्हेअर त्यावर पाइपलाइन टाकणार नाही एवढा अपुरा होता. त्यांनी काहीही खोटं लिहिलं नव्हतं.

आणि त्या आकड्याखाली, अगदी जमिनीजवळ, बारीक मराठी अक्षरांत एक शब्द होता. या वादीत मराठी वाचणारं माझ्याशिवाय कुणी येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

अंदाजे.

मी खाली बसले. इतकी हसले, आणि मग इतकी रडले, की वरच्या अंगाला चरणाऱ्या शेळ्या थांबून बघायला लागल्या. त्यांनी मला पकडलं होतं, माफही केलं होतं, आणि मी एक दिवस इथे येणार हे धरून चालले होते. उन्हाने रंग सगळीकडेच फिका झाला होता. मी डबा उघडला, ब्रश बुडवला आणि नंबराच्या आधी तो शब्द गिरवायला घेतला.